शिशाचा शोध आणि तांबड्या गोळ्या

वडिलांच्या डाव्या पायातली चप्पल स्वारगेटच्या चौकात निसटली आणि ते तिच्यावाचून पुढे चालत राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, चप्पल!" वडिलांनी मागे वळूनही न बघता उत्तर दिलं, "नको. आहे." हा प्रसंग त्यांनी घरी विनोद म्हणून सांगितला आणि आई हसलीही. मला हसू आलं नाही. पायातली चप्पल गेल्याचं पायालाच कळू नये, ही मज्जातंतूंची तक्रार होती.

वडील निवृत्त गणितशिक्षक. त्यांच्या तळपायांना बरेच दिवस मुंग्या येत होत्या, अंधारात तोल जात होता आणि शेजारच्या मुलीला भूमिती शिकवताना 'त्रिज्या' हा शब्द न आठवून ते "व्यासाची ती अर्धी" असं म्हणाले होते. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, शेवटची वर्षं स्वतःच्या मुलांना अत्यंत अदबीने "आपण कोण?" असं विचारत गेले. त्यामुळे वडील शब्द शोधता शोधता थांबले, की आई त्यांच्याकडे बघे, ते खिडकीबाहेर बघत आणि घरात काका येऊन बसत. दादाचं झालं तेच आपलं होणार का, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता आणि तो कोणीही उच्चारत नव्हतं.

उच्चारण्याऐवजी मी तपासण्या सुरू केल्या. शिशाचा मेंदूतील रसायनांवर काय परिणाम होतो, या विषयावर मी पीएच.डी. करते, तरी आरंभ मी साध्या शक्यतेपासून केला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मज्जातंतूंवर वायरीसारखं एक आवरण असतं, ते नीट राहायला बी-ट्वेल्व्ह लागतं, आणि ते वरणभातात नसतं. रक्त द्यायला निघताना मी शास्त्रशुद्ध प्रश्न विचारला, "बाबा, कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाहीत," वडील म्हणाले.

अहवाल आला. बी-ट्वेल्व्ह वरच्या मर्यादेच्याही वर होतं. वडिलांनी तो अहवाल बिबवेवाडीच्या बागेत, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना वाचून दाखवला. मी मात्र ती शक्यता निर्धाराने खोडली आणि विषद्रव्यांकडे वळले. माझा प्रबंध ज्या दिशेला होता, नेमक्या त्याच दिशेला पुरावाही चालला आहे, याचा मला संशय यायला हवा होता. उलट आनंद झाला.

"बाबांच्या रक्तात शिसं आहे का, ते बघायचंय," मी आईला म्हटलं.

"पेन्सिली चोखतात म्हणून? मी चाळीस वर्षं सांगतेय."

"शिसपेन्सिलीत शिसं नसतं गं आई. ग्रॅफाइट असतं."

"मग शिसपेन्सिल का म्हणतात?"

मी घाईने पुढच्या मुद्द्याकडे सरकले. "आणि पाराही तपासायचा आहे. पारा वाढलेला असू शकतो."

"तो लग्नापासून चढलेलाच आहे," आई म्हणाली. "त्याला रक्त कशाला काढायला हवं?"

मी हळद घेतली, तिखट घेतलं, कल्हईच्या पातेल्याचा तळ खरवडला आणि बाल्कनीच्या कठड्यावरचा जुना रंग सोलला. प्रत्येक नमुना वेगळ्या पिशवीत. आईला आमटीत हळद घालायची असेल तर माझी परवानगी लागे, आणि ती परवानगी आई मोठ्याने, खिडक्या उघड्या ठेवून मागे. पिशव्या घेऊन मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी एकेक पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "हा आपला प्रबंध आहे, की वाणसामान?" संस्थेचं यंत्र घरगुती हळदीसाठी नसतं, असं त्यांनी मला अतिशय सभ्य शब्दांत समजावलं. मग मी एका खाजगी प्रयोगशाळेत गेले.

हळद निर्दोष निघाली. पातेलं निर्दोष निघालं. कठड्याच्या रंगात शिसं सापडलं तेव्हा मी विजयाने घरी आले, परंतु वडील कठडा खात नाहीत, हे आईने लगेच निदर्शनास आणलं. आणि वडिलांच्या रक्तात ना शिसं होतं, ना पारा. एव्हाना ते जिना उतरताना एक हात भिंतीला लावू लागले होते. कोणाचं लक्ष नाही असं बघून लावत.

शेवटी आम्ही सदाशिव पेठेतल्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. ते वडिलांचे जुने विद्यार्थी निघाले. उठून उभे राहिले, वाकून नमस्कार केला आणि मग वडिलांना डोळे मिटून, पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. वडील झुकू लागताच त्यांनी सावरलं. मी माझे सगळे अहवाल क्रमाने मांडले. ते त्यांनी वाचले आणि विचारलं, "सर, गेल्या काही महिन्यांत कधी, कुठलीही गोळी घेतली होती?"

"काही नाही."

"अहो," आई म्हणाली, "त्या तांबड्या?"

"त्या गोळ्या नव्हेत," वडील म्हणाले. "ती तयारी होती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बागेतल्या मंडळींनी सल्ला दिला होता, की बी-ट्वेल्व्हची चाचणी असेल तर आधी त्याच्याच गोळ्या घ्याव्यात, आकडा चांगला येतो. आयुष्यभर परीक्षा घेतलेल्या माणसाला हे संपूर्ण तर्कसंगत वाटलं. अभ्यास केल्याशिवाय परीक्षेला बसायचं कसं?

"बाबा! मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तू विचारलंस, चालू आहेत का. आदल्या दिवशी पाकीट संपलं होतं. प्रश्न नीट वाचून उत्तर द्यावं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे सर," ते म्हणाले, "आपण कॉपी केलीत."

वडिलांचे कान लाल झाले. ज्या मुलाला त्यांनी एकदा बाहीत सूत्रं लिहिली म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं, तोच हा. निदान डॉक्टरांच्या हसण्यावरून मी तसा निष्कर्ष काढला.

फेरपरीक्षा झाली, या वेळी तयारीशिवाय. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं होतं, आणि त्याच्या अभावी रक्तात साचणारं होमोसिस्टीन खूप वर. आईने आकडे पाहून विचारलं, "यात पास कशात आहेत?" डॉक्टर म्हणाले, आहारात अंडी घेता येतील. "इंजेक्शन द्या," आई म्हणाली, आणि तो विषय संपला.

इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी कुठलंही आश्वासन दिलं नाही. किती भरून येईल आणि किती राहील, हे काळच सांगेल, असं म्हणाले. काही आठवड्यांनी वडील स्वयंपाकघरात एका पायावर नाचत आले, "मुंगी चावली! मुंगी!" आईने आणि मी एकमेकींना मिठी मारली. "इथे माणसाला मुंगी चावली आहे आणि तुम्ही समारंभ कसला करताय?" ते खेकसले. तोवर त्यांचे शब्दही बऱ्यापैकी परतले होते, विशेषतः टोचून बोलायचे.

त्यानंतरचं इंजेक्शन घेऊन आम्ही दोघं पेठेतून चालत येत होतो. रस्ता ओलांडायला थांबलो असताना ते समोरच्या स्कूटरी बघत म्हणाले, "दादाचं कोणी तपासलं होतं का गं?"

"काय?"

"हेच. बी-ट्वेल्व्ह."

मी काकांच्या जुन्या कागदपत्रांचा विचार केला, मुलांच्या सांगण्याचा, वयाचा, लक्षणांच्या क्रमाचा. त्यांचा आजार बहुधा वेगळाच होता. पण तपासलं होतं असं मला म्हणता येईना, आणि तपासलं असतं तर काय झालं असतं, हे तर मुळीच नाही.

"माहीत नाही, बाबा. सांगता येईल एवढी माहितीच नाही."

त्यांनी मान हलवली. परीक्षक जशी हलवतात तशी, उत्तर आवडलं नाही पण चूक काढता येत नाही अशा वेळी. गाड्यांत फट पडली. मी त्यांचा हात धरायला गेले, तर तो त्यांनी सोडवून घेतला आणि माझ्यापुढे दोन पावलं रस्त्यात उतरले.