सातव्या मजल्यावरचा अबोला

बबनराव रोकडे मुळात शांत माणूस. पण एखादी गोष्ट एकदा त्यांच्या डोक्यात शिरली, की ती बाहेर काढता काढता घरादाराच्या नाकी नऊ यायचे. अंबरनाथच्या चाळीत असताना त्यांनी एकदा सायकल पूर्ण खोलून साफ केली. परत जोडली तेव्हा एक बोल्ट उरला. त्यांनी सायकल पुन्हा खोलली, पुन्हा जोडली, तरी बोल्ट उरलेलाच. असं आठवडाभर चाललं. शेवटी शेजारचा माणूस दुपारी झोपल्या जागी खाटेसकट खाली आला, तेव्हा तो बोल्ट कुणाचा होता ते कळलं.

उभा जन्म एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत, बॉयलरवर गेला. निवृत्त झाल्यावर चाळीतली खोली विकली आणि बदलापूरच्या कडेला, खरवईत, नव्या इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. डोक्यावर कुणाचे पाय वाजायला नकोत, एवढीच त्यांची अट होती. आयुष्यभर बॉयलरची घरघर ऐकलेल्या माणसाला आता फक्त रेडिओ ऐकायचा होता.

जुना रेडिओ घर बदलताना फुटला. मग पुतण्याने, राजरत्नने, त्यांना डिजिटल रेडिओ आणून दिला. बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा, समोर छोटा पडदा. पडद्यावर स्टेशनचं नाव उमटायचं आणि निवेदिकेचा आवाज इतका स्वच्छ, की बाई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्यासारखी वाटायची. पहिल्या दिवशी बबनरावांनी नकळत सदरा घातला.

पण ही बाई मध्येच गप्प व्हायची. बोलता बोलता, शब्द अर्धा तोडून. खरखर नाही, शिट्टी नाही, काहीच नाही. पडद्यावर नाव तसंच, आवाज मात्र गेलेला. जुना रेडिओ खरखरायचा म्हणजे निदान भांडायचा तरी. हा सरळ अबोला धरायचा. बबनरावांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

ते रेडिओ घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. तिथे गुरमुखदास नावाच्या सिंधी दुकानदाराचं जुनं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने रेडिओ दुकानाबाहेर नेऊन लावला, तो छान बोलला. आत आणून मोबाइलच्या चार्जरजवळ धरला, तो मुका झाला. गुरमुखदास म्हणाला, "दादा, पुराना रेडिओ शोर करता था, तो चोर दिखता था. डिजिटल में चोर दिखता नहीं, सीधा घर खाली." मग त्याने समजावलं, की रेडिओ धडधाकट आहे. घरातले दिवे, चार्जर, रेग्युलेटर, सगळे आपापली विजेची कुजबुज हवेत सोडतात. जुन्या रेडिओला ती खरखर म्हणून ऐकू येते; नव्याला थोडी असेल तर काही वाटत नाही, पण मर्यादा ओलांडली की तो बोलायचंच सोडतो.

त्याने वायरींना बसवायच्या काळ्या गोल क्लिपा दिल्या, त्या कुजबुज अडवतात म्हणाला. बबनरावांनी घरातल्या एकूण एक वायरीला त्या क्लिपा लावल्या. फ्रीजला, टीव्हीला, मिक्सरला, इस्त्रीलाही. त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, घरभर नजर फिरवली. घराला दृष्ट लागू नये म्हणून काळे मणी बांधलेत का, असं तिने विचारलं. दीक्षा घेतलेल्या घरात हे चांगलं दिसत नाही, असंही वर म्हणाली.

क्लिपांनी फरक पडला. चार्जर लावला तरी रेडिओ आता बोलायचा. पण मध्येच, काही कारण नसताना, पुन्हा गप्प.

इथवर हा एका माणसाचा छंद होता. मग सरस्वतीबाईंचं रेकॉर्डिंग झालं.

विहारात महिला मंडळाच्या कार्यक्रमाला रेडिओ केंद्रातल्या एक बाई आल्या होत्या. सरस्वतीबाईंनी तिथे आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. बाईंना त्या इतक्या आवडल्या, की त्यांनी तिथेच यंत्र काढून टिपून घेतल्या आणि पुढच्या रविवारी दुपारी लागतील, असं सांगून गेल्या. ही बातमी कळल्यापासून बबनरावांचं जेवणात लक्ष लागेना. बायकोचा आवाज रेडिओवर येणार आणि नेमक्या त्या वेळी रेडिओने अबोला धरला तर?

सरस्वतीबाईंना यात काही अडचण दिसत नव्हती. "मी घरातच आहे की," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तेव्हा म्हणून दाखवीन."

"तसं नको," बबनराव म्हणाले. "तिकडून आलेलं ऐकायचंय."

चाळीत ती दळताना ओव्या म्हणायची तेव्हा ते पहिल्या पाळीवर असायचे, नाहीतर दुसऱ्या पाळीची झोप काढत असायचे. तो आवाज कधी बसून ऐकलाच नव्हता. आता तो सबंध राज्याला ऐकू जाणार आणि आपल्या घरातच पोचणार नाही, या कल्पनेने ते उठून वायरींवरच्या क्लिपा पुन्हा एकदा तपासून आले.

चोर आपल्या घरात नाही, तर इमारतीत कुठेतरी आहे, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टरने छातीला नळी लावावी तसा रेडिओ पुढे धरून ते घरोघर फिरू लागले. तिसऱ्या मजल्यावर हिमानी घरीच पार्लर चालवायची. तिचं केस सरळ करायचं यंत्र लागलं, की जवळ धरलेला रेडिओ मुका. बबनरावांनी तिलाही क्लिप दिली. एका घरात डास मारायची रॅकेट दोषी निघाली, एका घरात माशांच्या काचपेटीतला दिवा. चेअरमन शंकररावांच्या पलंगाखाली रेडिओ गप्प झाला, तेव्हा तिथून पाय चेपायचं मशीन निघालं. शंकरराव ते बायकोपासून लपवून वापरत. त्यांचे पाय दुखतात हे सोसायटीत कुणाला माहीत नव्हतं. जिना वापरा, तब्येत चांगली राहते, असं ते सगळ्यांना सांगत असत. त्या दिवसापासून शंकरराव बबनरावांशी तुटक बोलू लागले.

इमारतीत मात्र वेगळंच पसरलं. रोकडेकाकांच्या यंत्राला घरातली वाईट गोष्ट कळते, असं लोक म्हणू लागले. कुणी नवा फ्रीज तपासून घ्यायला बोलावलं, कुणी इन्व्हर्टर. एका सूनबाईंनी तर हळूच विचारलं, की काका, जरा सासूबाईंच्या खोलीत धरून बघता का. बबनरावांना घाम फुटला. हा रेडिओ आहे, भगत नाही, असं ते प्रत्येक दारात समजावून सांगत राहिले. लोक मान डोलवत आणि पुढच्या खोलीचं दार उघडत.

एवढं करूनही घरी तो मध्येच गप्प होतच होता. शेवटी बबनरावांनी सोसायटीच्या सभेत उभं राहून विनंती केली, की रविवारी दुपारी ओव्या लागतील तेवढ्यापुरता सगळ्या इमारतीचा मेन स्विच बंद ठेवावा. शंकरराव हे नियमात बसत नाही म्हणाले. पण बायकांनी उचल खाल्ली. सरस्वतीमावशी रेडिओवर येणार आणि आपण एसी लावून झोपणार का, असं हिमानीने सरळ विचारलं. ठराव झाला. शंकररावांनी तो मुकाट्याने लिहून घेतला आणि वर एक सूचना स्वतःच्या हाताने लिहिली: या वेळेत कोणीही लिफ्ट वापरू नये.

रविवारी दुपारी सातव्या मजल्यावरच्या लिफ्टपुढच्या मोकळ्या जागेत सतरंजी घातली गेली. बबनरावांनी रेडिओ स्टुलावर ठेवला. बाया दाटीवाटीने बसल्या. सरस्वतीबाई मधोमध, नव्या साडीत, अवघडून. खाली वॉचमन कैलास मेन स्विचपाशी उभा. त्याला वेळ सांगून ठेवली होती आणि कैलास वेळेचा पक्का होता.

त्याने स्विच ओढला. पंखे थांबले, पाण्याचा पंप थांबला, घराघरांतली घरघर एकदम बंद झाली. इमारतीचा एवढा आवाज असतो हे तो गेल्यावरच सगळ्यांना कळलं. रेडिओवर निवेदिका सरस्वतीबाईंचं नाव घेत होती. आणि मग ओवी आली:

*जात्याच्या खुंट्याला हात माझा झिजं*
*लेकीच्या पाटीवर अक्षर गं रुजं*

बबनरावांनी डोळे मिटले. तेवढ्यात लिफ्टच्या बंद दारामागून थापा ऐकू आल्या.

आत शंकरराव होते. आपली सूचना प्रत्येक मजल्यावर चिकटवली आहे की नाही ते बघायला ते निघाले होते, आणि पाय दुखत असल्यामुळे लिफ्टने निघाले होते. वीज गेली तर लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरी कधीच मेली होती. ती बदलायचा विषय त्यांनीच पुढच्या सभेवर ढकलला होता. सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये, अंधारात, हातात गोंदाची बाटली घेऊन ते उभे होते.

सगळे बबनरावांकडे बघू लागले. रेडिओतली सरस्वती गात होती आणि सतरंजीवरची सरस्वती नवऱ्याला म्हणत होती, "अहो, लाइट चालू करायला सांगा. माणूस आत आहे."

बबनरावांचे पाय जिन्याकडे वळले, पण उचलेनात. खाली हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. रेडिओचा गुण आपल्याला लागला की काय, असं त्यांना वाटलं.

तेव्हा दारामागून शंकरराव बोलले. "थांबा रोकडे. वहिनींचं होऊ द्या. मला बसायला जागा आहे." थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "जरा मोठा करा."

बबनरावांनी स्टूल उचलून लिफ्टच्या दाराला टेकवलं. ओव्या शेवटपर्यंत झाल्या. मध्ये एकदाही खंड पडला नाही. सरस्वतीबाई एवढंच म्हणाली, की तिसऱ्या ओवीत आपला श्वास चुकला. दारामागून शंकररावांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. ते नंतर म्हणाले, की आत धूळ होती.

मग कैलासने वीज चालू केली. इमारत पुन्हा घरघरू लागली. लिफ्ट मात्र हलेना. तिच्या मेकॅनिकला अंबरनाथहून बोलावणं गेलं. आणि बबनरावांच्या लक्षात आलं, की रेडिओ अजून बोलतोय. भातावरच्या किडीची माहिती चालली होती, एकेक शब्द स्वच्छ. त्यांनी घरात धावत जाऊन मिक्सर लावला. दिवे लावले. हिमानीला हाक मारून केसांचं यंत्र लावायला सांगितलं. रेडिओ किडीबद्दल बोलतच राहिला.

बबनराव लिफ्टच्या दाराकडे बघत राहिले. त्यांच्या फ्लॅटच्या बरोबर डोक्यावर, गच्चीवर, लिफ्टच्या मोटरची खोली होती. चोर सापडला होता, आणि तो बंद पडलेला होता, आणि त्याच्या पोटात चेअरमन होते. मेकॅनिकने फार घाई करू नये, असं बबनरावांना मनातून वाटलं. त्याची त्यांना लगेच लाजही वाटली. त्यांनी दाराच्या फटीतून शंकररावांना पापड सरकवायचा प्रयत्न केला. तो मोडला, पण शंकररावांनी तुकडे गोळा करून खाल्ले.

मेकॅनिक आला, लिफ्ट हलली, शंकरराव घामाघूम होऊन बाहेर पडले. त्याच क्षणी रेडिओ मुका झाला.

लिफ्ट कायमची बंद ठेवा, असं म्हणायची सोय नव्हती. सरस्वतीबाईंचेच गुडघे धड नव्हते. गुरमुखदासने अख्ख्या लिफ्टला बसेल एवढी क्लिप आपल्याकडे नाही, असं हात जोडून सांगितलं. पाय चेपायच्या मशीनची गोष्ट विसरून शंकरराव आता दुपारी वर येऊन बसू लागले. येताना ते लिफ्टनेच येत, त्यामुळे ते निघाले की रेडिओ बंद पडायचा आणि ते दारात पोचले की सुरू व्हायचा.

सरस्वतीबाईंनी त्याची सवय लावून घेतली. बातम्या चालू असताना निवेदिका मध्येच गप्प झाली, की ती उठून चहाचं आधण वाढवते. वाक्याचा शेवट बबनरावांना क्वचितच ऐकायला मिळतो. देशाचं पुढे काय झालं ते त्यांना कळत नाही, पण इमारतीत कुणीतरी येतंय, हे सगळ्यात आधी कळतं.