ड्रममधले तांदूळ

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. सगळी नोकरी नर्स म्हणून झाली; डोळ्यांना न दिसणारी एकच गोष्ट मी मानते, ती म्हणजे जंतू! पण हे माझ्याच हातून घडलं...

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आंधळगावच्या थोडं पुढे एक छोटा सरकारी दवाखाना, तिथे मी स्टाफ नर्स. ऑपरेशनचं गॉज, म्हणजे जखमेला लावायचं जाळीदार कापड, गोल ड्रममध्ये भरायचं, ड्रमच्या बाजूची भोकं उघडी ठेवायची आणि जंतू मारायला ऑटोक्लेव्हच्या बंद भांड्यात वाफ द्यायची. वाफ झाली की भोकं बंद. काम सोपं.

आमच्या आया बायजामावशी मात्र ड्रमच्या मधोमध भिजवलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायच्या, हिरव्या काठाच्या चिंधीत. तांदूळ शिजले, म्हणजे वाफ आतपर्यंत पोचली! मला हसू यायचं.

"मावशी, ऑटोक्लेव्हला काटा आहे की!"

"काटा बाहेरचं सांगते, सिस्टर. आतलं मले तांदूळ सांगते."

त्या उन्हाळ्यात मावशी वारल्या. पुरचुंडीही बंद झाली.

दिवाळीनंतर कौसल्या आली — विणकराची बायको, तीन लेकरांची आई. सासूशी भांडून कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला आलेली.

"माह्या जावेचे टाके पिकले होते जी, महिनाभर खाटेवर होती. माहे नाही ना पिकणार?"

"मी आहे ना!" मी ऐटीत म्हटलं.

सकाळचे अकरा. डॉक्टर हात धुऊन तयार, कौसल्या टेबलावर. मी चिमट्याने गॉज उचललं... आणि खाली हिरव्या काठाची पुरचुंडी! अहो, ड्रम मी त्याच सकाळी घासून पुसून, नव्या थानातलं गॉज कापून, एकटीने भरला होता. पुरचुंडी सोडून पाहिली — तांदूळ कच्चेच.

मग आठवलं, ड्रम बाहेर काढला तेव्हा भोकं बंदच होती. मला वाटलं, घाईत मीच बंद केली असतील. पण ती मी उघडलीच नव्हती! आत वाफ गेलीच नव्हती.

"डॉक्टर, थांबा! हे गॉज वापरायचं नाही."

कौसल्या टेबलावरून करवादली, "आता काहून थांबून राहिले जी? सकाळपासून चहाचा घोट नाही!"

सगळं पुन्हा केलं. पुरचुंडीही परत आत ठेवली. या वेळी तांदूळ छान मऊ झाले. दुपारी ऑपरेशन झालं. आठवड्याने टाके काढले, तर जखम अगदी कोरडी. "आता सासूले दाखवतो!" म्हणत बाई ठणठणीत घरी गेली.

पुरचुंडी कुणी ठेवली, हे मी दवाखान्यात प्रत्येकाला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर तर माझ्यावरच खूश — "सिस्टर, झकास युक्ती! त्या बाईला तुम्ही वाचवलंत." मी हो म्हटलं नाही... पण नाहीसुद्धा म्हटलं नाही.

कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा; माझ्याकडे आजही नाही. मावशी, चूक माझी होती आणि शाबासकी तुमची, एवढं मात्र आज सगळ्यांसमोर सांगून टाकते.