मोजकीच माणसं

चार नर्स चहाला बसल्या की किस्से निघणारच. एकीचा संपायच्या आत दुसरी म्हणते, "अगं, हे तर काहीच नाही!" कोरोनात मी आणि आमच्या डॉक्टर मॅडम घरोघरी जायचो. आजार बरा होणारा नसेल, तर निदान माणसाचं दुखणं कमी करायचं, हे आमचं काम. तरी हसू येतंच हो, काय करणार!

*

जेसल पार्कच्या एका टॉवरमधले आजोबा. सोसायटीने आम्हाला लिफ्ट बंद केलेली, कारण आम्ही बाहेरच्या. धापा टाकत नवव्या मजल्यावर पोचलो, तर लिफ्टचं दार उघडलं आणि आतून कुरिअरचं पार्सल निघालं. एकटंच, आरामात!

मी म्हटलं, "मॅडम, पुढच्या वेळी मला खोक्यात भरा."

*

काशीगावात एका खोलीत सहा माणसं. घरातल्या वहिनीच्या सासऱ्यांना घशाचा कॅन्सर, त्यात तिचा नवरा पॉझिटिव्ह. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, मिस्टरांना वेगळ्या खोलीत ठेवा."

वहिनी शांतपणे म्हणाली, "ठेवते की. खोली तुम्ही आणा."

वहिनीनेच मग मधोमध साडी टांगली आणि म्हणाली, "घ्या, वन बीएचके झाला!"

सगळे हसले. मला मात्र राग आला. जेसल पार्कच्या त्या घरात एक अख्खी बेडरूम कुत्र्याची होती.

*

आणि तारोडी गावची कार्मेलीन मावशी. जन्मभर मासळी विकली, आता पोटात कॅन्सर. गोळ्यांनी दुखणं आटोक्यात होतं, पण घोर वेगळाच लागलेला. तिथे कुणी वारलं की सगळं गाव जमतं. आता कोरोनाच्या नियमाने माती द्यायला मोजकीच माणसं.

"मी कोनाचं मयत चुकवलं न्हाय," मावशी रडत म्हणाली, "नि माझ्याच मयताला कोन न्हाय?"

प्रत्येक गोष्टीवर औषध सांगणाऱ्या मॅडम नुसत्या तिचा हात धरून बसल्या.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर गल्लीत ही लाईन! मास्क लावून, अंतर ठेवून अख्खं गाव उभं. अंगणात खुर्चीवर मावशी, अंगावर सणाचं लुगडं.

सून म्हणाली, "आईने सांगावा धाडला. मागून कोनाला येऊ देनार न्हाय, तर आताच भेटून जा."

एकेक जण फाटकाशी थांबायचा, दोन शब्द बोलायचा, पुढे जायचा. एक बाई हुंदके द्यायला लागली, तशी मावशी ओरडली, "ए, सरक पुढं! मागं लोक खोळंबलेत!"

आम्हीही लाईन लावली. नंबर आल्यावर मॅडमनी विचारलं, "मावशी, दुखतंय का?"

"आज न्हाय," मावशी म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात गेलो, तर फाटकाशी पुन्हा माणसं. मावशी वैतागलेली.

"एकदाच या म्हनलेलं! आता मेले रोज येतात. मरायला सवड न्हाय!"