गडग्यापलीकडे वाजलेला अलार्म

श्री. यशवंत शिवलकर म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊ. त्यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि भाऊ बोटीवरची इलेक्ट्रिशियनची नोकरी संपवून नुकतेच गावी परतले होते. एका सकाळी ते बशीएवढी पांढरी डबी घेऊन माझ्या वर्गात आले, खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि डबीखाली धरली. जो काही कर्कश आवाज उठला, त्याने शेजारच्या वर्गातली चाचणी परीक्षा बंद पडली. मुख्याध्यापकांनी मला फैलावर घेतले, मी भाऊंना घेतले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, अलार्म वाजला ना? मग झालं तर."

भाऊंचे म्हणणे साधे होते. बोटीला आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून तिथे धुराची वर्दी आधी मिळावी लागते आणि ती देणारे यंत्र नेमाने तपासावे लागते. घरी परतल्यावर त्यांना दिसले, की आपल्याकडे फ्रिज आला, इन्व्हर्टर आला, पण धूर झाला तर झोपलेल्याला उठवणारे घरात काही नाही. उंच इमारतींना अग्निसुरक्षेचे नियम आहेत. वाडीतल्या बैठ्या घराला कोण विचारतो? त्यामुळे भाऊ गावोगाव घेत त्या प्रत्येक सभेत एक प्रश्न ठरलेला असे, "सक्ती कुठाय?" भाऊंचे उत्तरही ठरलेले, "तिन्हीसांजेला दिवा लावायची तरी कुठाय सक्ती?"

पिशवीत चार अलार्म, उदबत्तीचा पुडा आणि पाण्याची बाटली एवढ्या सामानावर भाऊ एसटीने देवरूखपासून मंडणगडापर्यंत फिरले. पुष्कळ ठिकाणी मीही सोबत गेले, कारण माझा आवाज मोठा आहे. त्यांचे बोलणे पाठ व्हावे इतके मी ऐकले आहे. अलार्म स्वयंपाकघरात चुलीवर टांगू नका, बांगडा तळला की तो बोंबलणार आणि तुम्ही वैतागून त्याचा सेल काढणार. निजायच्या खोलीच्या दाराबाहेर लावा. कौलारू घर असेल तर कौलांशी नको, तिथला धूर फटींतून निघून जातो. माळ्याच्या फळ्यांना, तक्तपोशीला, खालून लावा. महिन्याला बटण दाबून बघा. आणि शक्यतो चौकोनी सेलचा घ्या, तो टीव्हीच्या रिमोटात बसत नाही! या शेवटच्या सूचनेवर सभा हसायची, पण ती सूचना अनुभवातून आलेली होती.

माणसांच्या सवयी मोडायला न जाता त्यांच्यातच आपले काम बसवायचे, ही भाऊंची रीत. गणपतीत धूप-कापराने अलार्म वाजतात, म्हणून लोक त्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधत आणि ती पुढच्या चतुर्थीपर्यंत तशीच राही. मी असते तर व्याख्यान दिले असते. भाऊंनी विसर्जनाशी सांगड घातली. गणपती पोचवून नदीची वाळू घातलेला पाट घरी आला, की आधी पिशवी सोडायची, बटण दाबायचे, आवाज ऐकायचा आणि मग प्रसाद. आता आमच्या वाडीत लहान पोरेसुद्धा आवाज झाल्याशिवाय खिरापतीला हात लावत नाहीत.

मात्र भाऊंचे खरे मोठेपण मला दिसले ते नलूकाकूंच्या प्रकरणात. नलूकाकू एकट्या राहतात, मुलगा मुंबईला नोकरीत. कानांनी त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. मुलगा म्हणाला, "भाऊ, आईला ढोल ऐकू येत नाही, ही डबी काय ऐकू येणार?" बोलणे खरे होते. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. भाऊंनी एकमेकांशी बिनतारी जोडलेली अलार्मची जोडी आणली. एक वाजला की दुसऱ्या घरातला दुसराही वाजतो. हाकेच्या अंतरावर घर एकच होते, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडचे. ते काकूंच्या धाकट्या जाऊबाईंचे, इंदिराकाकूंचे. आणि याच चिऱ्यांच्या गडग्यावरून दोघी जावांमध्ये कैक वर्षे शब्दाचाही व्यवहार नव्हता. भाऊबंदकी म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकांना मी काय सांगायचे?

नलूकाकू कडाडल्या, "जळाले तरी चालेल, पण तिच्या दारात माझी बोंब नको!" इंदिराकाकू म्हणाल्या, "त्यांच्या घरचा धूर माझ्या घरात कशाला?" भाऊ आठवडाभर सकाळचा चहा एकीकडे आणि दुपारचा दुसरीकडे घेत राहिले. भांडण मिटवा, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. "तुम्ही बोलू नका. बोलायचं काम यंत्राला करू द्या," एवढेच म्हणत. शेवटी त्यांच्या चहाला कंटाळून म्हणा किंवा त्यांचा मान राखून म्हणा, दोघींनी अलार्म लावून घेतले.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस नलूकाकू तापाने निजल्या होत्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि उंदराने तेलाची जळती वात ओढून कोपऱ्यातल्या गोणपाटांत नेली. उंदीर वात पळवतो, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, तरी दिवा उघडाच असतो. धूर साचला, अलार्म वाजला, काकूंना पत्ता नाही. पलीकडे इंदिराकाकू मासे साफ करत होत्या. त्यांनी आधी स्वतःच्या घरात वास घेतला. इथे धूर नाही, म्हणजे तिथे आहे, हे ध्यानात आले तशा त्या खवल्यांच्या हातांनीच गडगा चढून मागील दाराने आत शिरल्या आणि जावेला गदागदा हलवले.

नलूकाकूंनी डोळे उघडून पहिले वाक्य उच्चारले ते हे, "तू कशी गो माझ्या घरात?"

त्यांना ऐकू जाणार नव्हते, तरी इंदिराकाकू ओरडल्या, "भांडण मागाहून करू, वैनी. आधी उठा!"

काकूंना बाहेर काढेपर्यंत वाडी जमली आणि पाणी मारून आग विझवली. देवघराची भिंत काळी झाली, बाकी काही गेले नाही. भाऊ धावत आले, पायरीवर बसलेल्या काकूंना पाहिले आणि गडग्याला टेकून रडले. बोटीवर कधीतरी काय पाहिले असेल, ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. डोळे पुसून ते आत गेले आणि अलार्मचा सेल बदलून आले. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी जे वाटले, त्याला आदर हा शब्द थोडा पडतो.

भाऊ आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या पत्नी शुभांगीवहिनींनी त्यांना शिडी चढायची बंदी केली आहे, आणि ते ती मोडतात, हे मी जाणूनबुजून छापील स्वरूपात कळवत आहे. त्यांना निरोगी, कार्यरत आणि शक्यतो जमिनीवरचे दीर्घायुष्य लाभो.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी नलूकाकूंकडे गेले. भाऊंसाठी काय लिहू, असे पाटीवर लिहून विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा बाई, देवानं त्यांना धडधाकट ठेवावं, शंभरी गाठू दे त्यांना." मग गडग्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि तिलापण तेवढंच आयुष्य मागा. मला ऐकू येत नाय. ती हाय म्हणून मी निजते."