सांध्यावर उघडणारी गाडी

अपघातात चेपलेल्या गाड्या सरळ करण्यात डेंटरचा हात धरणारा कोणी नव्हता. तीस वर्षं एकच गॅरेज, एकच मालक. बायको गेल्यावर घरात तो आणि लेक, दोघंच. लेक नर्स होती, अपघात विभागात. पहाटे पाचची बस पकडून पकडून ती मेटाकुटीला आली होती. तिला गाडी हवी होती आणि पगारात जुनीच बसत होती.

"बघायला तुम्हीच चला," ती म्हणाली. "तुमच्या नजरेतून काय सुटणार?"

पहिल्या दोन गाड्या त्याने दाराचं रबर उचकटून बघितल्या आणि नाकारल्या. तिसऱ्या गाडीखाली तो अर्धा तास पाठीवर पडून होता. बाहेर आला आणि कपडे झटकत म्हणाला, "नको. नवीनच घे."

"हिच्यात काय खोट आहे?"

"काही दिसत नाही."

"मग?"

"काम चांगलं झालं असेल तर दिसतच नाही."

"बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

विक्रेता लांब फोनवर बोलत होता. तिथेच उभ्या उभ्या त्याने सांगून टाकलं. मालक दोन गाड्या आणायचा, एकीचं तोंड फुटलेलं, दुसरीचं बूड. दोन्ही मधोमध कापायच्या, चांगले अर्धे जोडायचे, वर रंग, आणि चांगली गाडी म्हणून विकायची. अशा सात गाड्या डेंटरने स्वतःच्या हाताने जोडल्या होत्या.

"त्यातली एखादी पुन्हा धडकली तर?"

"सांध्यावर उघडते."

"आतली माणसं माझ्याकडे येतात," लेक म्हणाली, आणि बस स्टॉपकडे चालू लागली.

चार दिवस ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याचं ताट वाढताना एवढंच म्हणाली, "त्या सात गाड्या नेणाऱ्यांतलं एक तरी माणूस आठवतं का?"

आठवत होतं. गाणं शिकवणाऱ्या एक बाई. गाडी न्यायला आल्या तेव्हा मुद्दाम आत येऊन त्यांनी त्याचे आभार मानले होते. त्यांचं घर त्याला ठाऊक होतं. तो तीन जिने चढून गेला. बाईंनी त्याला लगेच ओळखलं, खुर्ची पुढे केली. त्याने बसायच्या आतच सगळं सांगितलं.

बाईंनी पेटीचा भाता बंद केला. "मी ती मागच्या वर्षी विकली," त्या म्हणाल्या. "नवरा-बायको होते. बाळाची सीट इथेच खाली बसवून घेतली त्यांनी. मीच तर दार धरलं होतं."

त्यांनी फोनमध्ये नंबर शोधला. तो बंद लागला. पुन्हा लावला.

"हे मला सांगायला कशाला आलात?" बाईंचा आवाज फाटला. "जा तुम्ही."

तिथून तो घरी गेलाच नाही. सातही गाड्यांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. पोलीस ठाण्यात जाऊन त्याने ते एकामागून एक सांगितले. मालकाने आधी हात झटकले, मग त्याच्याच अंगावर सगळं ढकललं. त्याने काही नाकारलं नाही.

पाच गाड्या सापडल्या, रस्त्यावरून उठवल्या. एकीचा पत्ता लागला नाही. बाईंची गाडी भंगारात निघाली होती. ठाण्यातल्या कारकुनाने तिच्या अपघाताची तारीख वाचून दाखवली.

"माणसांचं काय झालं?" डेंटरने विचारलं.

"ते या कागदात नसतं."

लेकीला ते तिच्या रुग्णालयाच्या नोंदवहीत बघता आलं असतं. तिने बघितलं की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि त्यालाही विचारायचा धीर झाला नाही.

मालक आणि डेंटर, दोघांनाही तुरुंगाची शिक्षा झाली. लेक आणखी दोन वर्षं बसनेच जात राहिली. मग एका भेटीच्या दिवशी जाळीपलीकडे बसत म्हणाली, "गाडी घेतली. नवीन."

"रंग कुठला?"

"पांढरा."

त्याने मान हलवली. भेटीची दहा मिनिटं उरली होती. दोघं वेळ संपेपर्यंत तशीच बसून राहिली.