तळ्यात भिजवलेला खुबा

पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये शेजारचे आजोबा दर थांब्यावर उजवा पाय धाडकन आपटत होते. शेवटी मी विचारलंच.

"खुबो नवो बसयलो. डॉक्टरान हाडाक भोक जरा बारीकच कोरल्यान आनी खुबो ठोकून बसयल्यान. मोठां कोरलां असतां तर हलत रवलो असतो."

"मग आपटता कशाला?"

"कुदळीचो दांडो आपटून, पाण्यात भिजवन फुगलो काय घट होता मां? म्हणान मी रोज तळ्यातय बसतंय, कमरेभर."

एवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि मी थेट त्यांच्या मांडीवर पडलो. मला लागलं का, हे राहिलं बाजूला. जीव मुठीत धरून त्यांनी विचारलं, "खुबो हललो काय रे?"

"नाही. पक्का आहे."

आजोबा फुलले. "बघलंस? डॉक्टर उगाच मिशीक ताव देता. तळ्याची करामत ती!"