आत्याचा कावळा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमचे प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, "पुस्तकातलं पुरे. घरात सगळे जे खरं मानतात, त्यातलं काहीतरी तपासून या." साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. तंजावूरच्या कॉलेजात आम्ही मुली तोवर फक्त बेडूक कापत होतो आणि सरांनी सांगितलेलं उत्तर लिहीत होतो.

आमच्या तंजावुरी मराठी घरी जेवणाआधी कावळ्याला भात घालायचा मान आत्याचा. ती गच्चीवर जाऊन हाक मारी आणि कावळा येई. "माझा आवाज ओळखतो तो," असं ती राजवाड्याच्या अख्ख्या गल्लीला सांगत असे. मी तेच तपासायचं ठरवलं.

"आवाज, वेळ की भात?" सरांनी विचारलं. "एका वेळी एकच गोष्ट बदल."

मी आत्याला म्हटलं, "आज नुसती हाक मार. भात ठेवू नकोस."

"पाहुण्याला बोलवायचं आणि उपाशी धाडायचं? हे शिकवतात होय कॉलेजात?"

मग भात घेऊन मीच गेले, आत्याच्याच वेळेला, माझी रोजची दावणी, म्हणजे तमिळ मुलींची अर्धी साडी, नेसून. आत्यासारखी हाक मारली. कावळा शेजारच्या कठड्यावर बसून मान तिरकी करून बघत राहिला, पण आला नाही. जिन्यात लपलेल्या आत्याला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी तिचं लुगडं नेसले आणि तोंड मिटून उभी राहिले. कावळा थेट भातावर आला!

"बघ, आवाजाचं काही नाही," मी म्हटलं.

"लुगडं कुणाचं होतं? माझंच ना? म्हणजे मलाच ओळखलं त्यानं."

हे सरांना सांगितलं तर ते खूश झाले आणि स्वतःच बघायला आले. आत्यानं आधी त्यांना कॉफी पाजली, मग गच्चीवर नेलं. तिनं हाक मारली, कावळा आला.

सरांनी तमिळमध्ये नम्रपणे विचारलं, "अम्मा, कालचा कावळा हाच कशावरून?"

"म्हणजे काय? याला मी ओळखते."

तेवढ्यात दुसरा एक उतरला. पाठोपाठ तिसरा. तिघे भाताभोवती जागा बदलत उड्या मारू लागले.

"आता यातला आपला कुठला?" सर म्हणाले.

आत्यानं पदर सावरला, डोळे बारीक केले, एकाकडे बोट दाखवलं, मग दुसऱ्याकडे. शेवटी म्हणाली, "उन्हानं दिसत नाही नीट."

कावळ्याला खूण कशी करायची यावर मी बरेच दिवस डोकं चालवलं. हळदीचं पाणी शिंपडून पाहिलं, तर माझेच हात पिवळे झाले. शेवटी अहवालात लिहिलं, की येणारा कावळा एकच आहे की अनेक, हे ठरवता आलं नाही. म्हणून तो कुणाला ओळखतो का, हेही सांगता येत नाही. लिहिताना लाज वाटत होती. सरांनी नेमक्या त्याच वाक्याखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'उत्तम'.

तमिळ मुळाक्षरांपलीकडे न शिकलेल्या आत्याला मी तो इंग्रजी अहवाल मराठीत वाचून दाखवला.

"माहीत नाही असं लिहायचं, आणि वर शाबासकी?" ती म्हणाली. "असलं कॉलेज मीसुद्धा पास झाले असते."

मला मात्र त्या रेघेचा फार आनंद झाला होता. दुसऱ्याच दिवशी मी सरांना विचारलं, "सुट्टीत प्रयोगशाळेत येऊ का?"

"ये," सर म्हणाले. "पण आत्यांना आणू नकोस. त्यांच्याशी वाद घालायला मला अजून तयारी करायची आहे."